एतेल्काच्या पांढऱ्या पेशी

चोर्दाश एतेल्काचा आवाज गावातल्या लहानथोरांच्या कानात मुरलेला होता. चेहरा मात्र पुष्कळांनी ती निवृत्त झाल्यावरच पहिल्यांदा पाहिला. तिची सगळी नोकरी बसस्थानकाच्या वरच्या काचेच्या खोलीत, मायक्रोफोनपुढे गेली. "सेगेदकडे जाणारी गाडी उशिरा सुटेल," हे ती अशा ठसक्यात सांगायची, की उशीर आपणच केला असं वाटून खालची माणसं ओशाळायची. निवृत्तीनंतर मायक्रोफोन तिथेच राहिला, ठसका मात्र ती घरी घेऊन आली. भाजीबाजारात मिरची हातात धरून ती नुसतं "मऊ पडल्यात" म्हणाली, तरी पलीकडच्या गाळ्यावरची गिऱ्हाइकं आपापल्या मिरच्या खाली ठेवायची.

आमवात तिला चाळिशीतच चिकटला होता. बोटं हळूहळू एका अंगाला कलली, वाऱ्याने आडव्या पडलेल्या गव्हासारखी. गुडघे सकाळी तिचं ऐकायचे नाहीत, दुपारी थोडंफार ऐकायचे. पण एतेल्काने दुखण्याशी कजाग भाडेकरूशी वागावं तसं धोरण ठेवलं होतं. घालवता येत नाही ना, मग धाकात ठेवायचं. आणि हा धाक घालायची तिची जागा म्हणजे गावाबाहेरचा हमाम.

तिथलं पाणी जमिनीच्या पोटातून कढत वर येतं, चहाच्या रंगाचं आणि उकडलेल्या अंड्याच्या वासाचं. गावातले सगळे दुखरे सांधे सकाळी त्या कुंडात गळ्यापर्यंत बुडून बसतात आणि वर राहिलेली तोंडं चालू असतात. कुंडाच्या एका कोपऱ्यात लोखंडी नळातून ताजं पाणी धो धो पडतं. त्या धारेखाली उजवा खांदा धरून बसायचं, ही एतेल्काची वर्षानुवर्षांची जागा. नवखा कुणी तिथे टेकलाच, तर हमामातली राखणीची बाई काठावरून सांगायची, "उठा, ती जागा बसस्थानकाची आहे."

तिच्या शेजारी बोर्बाला बसायची. बोर्बाला शाळेच्या खानावळीत स्वयंपाकीण होती, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. नळाची धार तिच्यापर्यंत पोचेस्तोवर कोमट होऊन जायची आणि ही गोष्ट ती अधूनमधून हवेला ऐकवायची. एतेल्काही हवेलाच उत्तर द्यायची, "लवकर उठावं माणसाने."

त्या वर्षी उन्हाळा सरता सरता एतेल्काच्या नडगीवर एक जखम झाली. दार लागल्याचं निमित्त. एरवी चार दिवसांत भरली असती, पण ही भरेना. मग ताप आला, गेला, पुन्हा आला. काखेत गळू झालं. शेवटी नवरा अम्ब्रुश तिला जिल्ह्याच्या इस्पितळात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टर केलेमेन म्हणजे तिशीतली, बारीक केसांची, पटपट बोलणारी बाई. रक्त तपासलं, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "मावशी, तुमची प्लीहा फुगलीय. आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी, ज्या जंतूंशी लढतात ना, त्या जवळजवळ संपल्यात. जुन्या आमवातात कुणाकुणाला होतं असं. म्हणून जखम भरत नाही."

"मग आता?"

"आता सगळ्यात आधी, हमाम बंद. इतक्या माणसांच्या पाण्यात पोहणं तुम्हाला धोक्याचं आहे."

"मी पोहत नाही. मी बसते."

"बसणंही बंद."

"कुठवर?"

"जखम भरेपर्यंत आणि पेशी वाढेपर्यंत."

"मग वाढवा की," एतेल्का म्हणाली. जणू समोरच्या खिडकीवरच्या माणसाला तिकीट फाडायला सांगत होती.

डॉक्टरांनी सांगितलं, वाढवता येतात. ग्रोथ फॅक्टर नावाचं इंजेक्शन आहे. हाडांच्या आतला मगज पांढऱ्या पेशी बनवतो, हे औषध त्याला जागं करून कामाला लावतं. "पण एक लक्षात ठेवा. तुमच्या आजारात ह्या पेशी दुधारी असतात. एकदम वाढल्या, तर त्याच जाऊन सांध्यांत आग लावतात. सांधे सुजले, अंगावर काही उठलं, तर त्याच दिवशी मला फोन करायचा. कळलं?"

"कळलं," एतेल्का म्हणाली. तिला 'वाढतात' एवढं कळलं होतं.

इंजेक्शन घरी, पोटाच्या कातडीत द्यायचं होतं. एतेल्काच्या बोटांना ती बारकी सुई धरवेना, तेव्हा ते काम अम्ब्रुशच्या गळ्यात आलं. अम्ब्रुशचा धंदा सोफे-खुर्च्या मढवण्याचा. वीतभर लांबीच्या वाकड्या सुया त्याने आयुष्यभर घोड्याच्या केसांतून आणि जाड कापडातून आरपार काढलेल्या. इस्पितळातल्या नर्सने ती केसासारखी सुई त्याच्या हातात दिली आणि अम्ब्रुश भिंतीला धरून खाली बसला.

"अरे, चाळीस वर्षं सुया टोचतोयस," एतेल्का ओरडली.

"खुर्ची बघत नाही गं माझ्याकडे," अम्ब्रुश खालूनच म्हणाला.

घरी त्याने आधी टोमॅटोवर सराव केला, मग सॉसेजवर. फ्रिजमध्ये साईच्या दह्याशेजारी इंजेक्शनांची खोकी लागली. रोज सकाळी एतेल्का सदरा वर करून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसायची आणि अम्ब्रुश कपाळावरचा घाम पुसत पुढे यायचा.

"डोळे उघड."

"उघडेच आहेत."

"एक उघडा आहे."

सुई गेली, की बरणीतल्या पलिंकाचा, फळांच्या कडक दारूचा, एक घोट घ्यायचा असा नेम होता. घोट अम्ब्रुश घ्यायचा.

त्याला सांध्यांचा त्रास नव्हता, पण हमामात जायची सवय होती. आता तो एकटा जायचा आणि परत आला, की दारातच उलटतपासणी व्हायची.

"माझ्या कोपऱ्यात कोण बसतं?"

"कोपऱ्यात? कोपऱ्यात पाणी पडतं."

"अम्ब्रुश."

"बोर्बाला," अम्ब्रुश बुटांकडे बघत म्हणाला.

एतेल्का उठून खिडकीपाशी गेली आणि बाहेरच्या रस्त्याकडे अशी बघत राहिली, की एक सायकलवाला उगाचच खाली उतरून चालायला लागला. त्या दिवसापासून तिला जंतूंची फारशी काळजी राहिली नाही. तिला पेशी हव्या होत्या, भरपूर हव्या होत्या आणि तो कोपरा कायमचा बोर्बालाचा व्हायच्या आत हव्या होत्या.

आणि पेशी खरंच वाढल्या. पुढच्या तपासणीत आकडा चढला, त्याच्या पुढच्या तपासणीत आणखी चढला. एतेल्काने ही बातमी बेकरीच्या रांगेत जाहीर केली. रांगेतल्या निम्म्या लोकांना कशाचा आकडा ते कळलं नाही, पण आवाजच असा होता, की त्यांनी अभिनंदन केलं.

त्याच सुमाराला तिची कंबर आणि मांड्यांची हाडं आतून ठणकायला लागली. नर्स फोनवर म्हणाली, "थोडं दुखायचंच. मगज कामाला लागलाय." हे वाक्य एतेल्काने पदरात पाडून घेतलं. त्यानंतर काहीही दुखलं, की ती अम्ब्रुशला सांगायची, "मगज कामाला लागलाय." मनगटं सुजून पावासारखी झाली, तेव्हा मगज कामाला लागला होता. गुडघे पाण्याने भरून टम्म झाले, तेव्हाही तोच. एका सकाळी तिला कॉफीचा कप उचलेना, तेव्हा मगजाने जरा जास्तच मनावर घेतलं होतं इतकंच.

"एतुश, त्या डॉक्टरीणबाईंनी फोन करायला सांगितलं होतं," अम्ब्रुश तिच्या पावाला लोणी लावता लावता म्हणाला.

"आणि तिने इंजेक्शन बंद केलं तर?"

"तर बंद."

"मग पेशी?"

"तुझ्या पेशी वाढल्यात आणि तू कमी झालीयस," अम्ब्रुश म्हणाला. एवढं मोठं वाक्य तो सहसा बोलत नसे. एतेल्काने त्याच्याकडे बघितलं, तसा तो लोण्याच्या भांड्यात मान घालून बसला.

मग नडग्यांवर डाग उठले. बारीक बारीक, जांभळे, बोटाने दाबले तरी न जाणारे. जणू कुणी पिकलेल्या जांभळ्या द्राक्षांचा रस तिच्या पायांवर शिंपडला होता. एतेल्काने ते अम्ब्रुशला दाखवले नाहीत. तिने कपाटातून लोकरीचे लांब मोजे काढले आणि घरातही घालून बसायला लागली. घालायला तिला सकाळचा बराच वेळ लागायचा. बोटं वळायची नाहीत, ती दात-ओठ खाऊन लाकडी चमच्याने मोजा वर ओढायची. दवाखान्यातून नर्सचा फोन आला, की बसस्थानकाच्या आवाजात सांगायची, "सर्व काही वेळेवर चालू आहे." आवाजात तिने कधी दुखणं येऊ दिलं नव्हतं. ते तिच्या नोकरीचं शिक्षण होतं.

अशा एका दुपारी बोर्बाला आली. हातात कोबीच्या पानांत खिमा भरून शिजवलेल्या गुंडाळ्यांचं मोठं पातेलं, वर फडकं बांधलेलं. अम्ब्रुशने दार उघडलं. एतेल्का खिडकीजवळच्या खुर्चीत होती आणि तिला उठता येणार नव्हतं. हे बोर्बालाला कळू नये, म्हणून तिने राणीसारखी मान हलवून बसायला सांगितलं.

"धार कशी आहे?" एतेल्काने विचारलं.

"कढत," बोर्बाला म्हणाली. "खांदा कसा मोकळा झालाय बघ माझा." आणि तिने हात वर करून गोल फिरवून दाखवला.

"हो का? छान. फिरवून घे आत्ताच. महिन्याभरात मी येतेय."

"ये की. माझ्या शेजारची जागा रिकामीच आहे."

अम्ब्रुश पातेलं घेऊन स्वयंपाकघरात पळाला.

बोर्बाला खाण्यापिण्यातली बाई. तिने ताटली वाढून एतेल्काच्या हातात दिली. एतेल्काने काटा धरला, काटा घसरला, पुन्हा धरला, पुन्हा घसरला. कोबीची गुंडाळी ताटलीतून निसटून तिच्या मांडीवर आणि तिथून सगळ्या रश्श्यासकट मोज्यावर पडली.

"थांब, भाजेल," म्हणत बोर्बालाने खाली वाकून मोजा खसकन ओढला.

"हात लावू नकोस!" एतेल्का ओरडली. तोवर मोजा घोट्यापर्यंत आला होता.

बोर्बाला वाकलेलीच राहिली. तिने दुसरा मोजाही खाली केला. मग हळूच एतेल्काचा हात हातात घेऊन सुजलेलं मनगट बघितलं. तिचा चेहरा बदलला.

"एतेल्का, हे काय आहे?"

"मगज कामाला लागलाय."

"तुझा मगज कामाला लागला असता, तर तू हे लपवलं नसतंस. अम्ब्रुश! हिचा कोट आण!"

"मी कुठेही जाणार नाही. आकडा वाढतोय माझा."

"आकड्याला काय चाटायचंय? माझ्या नवऱ्यानेही असंच लपवलं होतं," बोर्बाला म्हणाली. "जेवताना रोज म्हणायचा, काही नाही, थोडं जळजळतंय. मी त्याला आणखी वाढत राहिले. ऊठ."

एतेल्काने अम्ब्रुशच्या हातातल्या कोटाकडे हात पुढे केले. तिचं तिलाच नवल वाटलं.

बोर्बालाकडे नवऱ्याची जुनी लहानशी गाडी होती. दोघांनी मिळून एतेल्काला पुढच्या सीटवर बसवलं. अम्ब्रुश मागे, मांडीवर पातेलं, कारण घाईत ते खाली ठेवायचं राहून गेलं. बोर्बाला गाडी अशी चालवायची, की जणू रस्ता तिच्या एकटीच्या मालकीचा होता आणि तोही खराब.

"पुढे ट्रॅक्टर आहे," एतेल्का म्हणाली.

"दिसतोय."

"दिसतोय तर वेग कमी कर."

"तू गाड्यांच्या नुसत्या घोषणा केल्यास. चालवल्या नाहीस."

"माझ्या घोषणेतली एकही गाडी खड्ड्यात गेली नाही."

"गेली असती तरी तू काय सांगणार होतीस? उशिरा सुटेल म्हणून?"

मागून अम्ब्रुशच्या हसण्याचा आवाज आला. मग त्याने ते खोकल्यात घातलं.

डॉक्टर केलेमेननी नडग्या बघितल्या, गुडघे बघितले, रक्ताचा ताजा आकडा बघितला आणि खुर्ची पुढे ओढून एतेल्कासमोर बसल्या. "मावशी, हे कधीपासून?"

"जरा झाले दिवस."

"मी काय सांगितलं होतं?"

"वाढतात म्हणून."

"आणि पुढे?"

दारातून बोर्बाला म्हणाली, "पुढचं तिने ऐकलं नसणार, तिला स्वतः बोलायची सवय आहे."

"बाई, तुम्ही बाहेर थांबा," डॉक्टर म्हणाल्या. बोर्बाला अर्धं पाऊल मागे गेली आणि तिथेच थांबली.

डॉक्टरांनी रागावून नाही, पण स्पष्ट सांगितलं. पेशी वाढल्या खऱ्या, पण ज्या शरीराला आधीच आपल्याच सांध्यांवर तुटून पडायची खोड, त्यात एकदम इतक्या पेशी सोडल्या, की त्या जंतूंकडे कमी आणि सांध्यांकडे जास्त जातात. पायांवरचे डाग म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांना आलेली सूज. "आणखी लपवलं असतंत, तर नुसते डाग राहिले नसते. इंजेक्शन आजपासून बंद."

"म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?" एतेल्काने विचारलं. ह्या वेळी आवाज बसस्थानकाचा नव्हता. डॉक्टरांना नीट ऐकायला पुढे वाकावं लागलं. "मी काय जगायला मागत होते का जास्त? मला फक्त सकाळी त्या पाण्यात बसायचं होतं. तिथे माझं काही दुखत नाही. आणि दुखलं तरी चारचौघांत दुखतं."

डॉक्टर म्हणाल्या, "बंद म्हणजे कायमचं बंद नाही. आधी ही आग विझवू. मग सांध्यांना थंड ठेवणारं दुसरं औषध सुरू करू आणि त्याच्या आडोशाने हे इंजेक्शन थोडं थोडं, रोज नाही. आकडा कमी चढेल. चालेल?"

"किती कमी?"

"जखम भरण्यापुरता."

आग विझवायला स्टेरॉइडच्या गोळ्या आल्या. त्यांनी सांधे उतरले, डाग फिके पडले, पण एतेल्काला अशी भूक सुटली आणि अशी हुशारी आली, की अम्ब्रुशला इंजेक्शनाचे दिवस बरे वाटायला लागले. तिने खसखशीचा अख्खा रोल चहाआधी संपवला, कपाटं रिकामी करून पुन्हा लावली आणि अम्ब्रुशने लग्नाच्या वर्षी मढवलेल्या खुर्चीची शिवण वाकडी आहे असं त्याला पहिल्यांदाच सांगितलं. बोर्बाला आठवड्यातून दोनदा पातेलं घेऊन यायची. पातेलं बघून एतेल्का म्हणायची, "मीठ कमी." आणि पातेलं रिकामं व्हायचं.

मग इस्पितळात सलाईनमधून नवं औषध झालं. हिवाळा असाच गेला. तिसा नदीकाठचं धुकं खिडकीपर्यंत येऊन बसायचं, आणि आत अम्ब्रुश, आता दोन्ही डोळे उघडे ठेवून, ठरल्या दिवशी थोडं थोडं औषध द्यायचा. आकडा मुंगीच्या पावलांनी चढला. मध्ये एकदा घसरला. एकदा एक गुडघा फुगला, तेव्हा एतेल्काने त्याच दिवशी दवाखान्यात फोन केला आणि गुडघ्याचं वर्णन इतक्या तपशिलात केलं, की नर्सने मध्येच थांबवून सांगितलं, एवढं पुरे.

जर्दाळूंना फुलं आली, तेव्हा नडगीवर नवी, गुलाबी कातडी धरली. डॉक्टरांनी भिंग लावून पाहिली. "आकडा मला हवा तेवढा नाहीये. पण टिकून आहे. जा. मात्र ज्या दिवशी कुंड घासून नवं पाणी भरतात, त्याच दिवशी, आणि सगळ्यांच्या आधी. थोडाच वेळ."

त्या सकाळी हमामाचं दार उघडायच्या आत तिघं बाहेर उभी होती. पाणी नवं होतं, अजून कुणाचं अंग न लागलेलं. एतेल्का अम्ब्रुशच्या खांद्याला धरून पायऱ्या उतरली. पाणी गुडघ्यांवर आलं, कमरेवर आलं, आणि तिच्या तोंडून असा काही आवाज निघाला, की काठावरची राखणीची बाई दुसरीकडे बघायला लागली.

बोर्बाला कोपऱ्याशी थांबली. "बस."

"तू बस. खांदा मोकळा व्हायचाय ना तुझा?"

"झालाय मोकळा. बस म्हणते ना."

"मला कुणाचे उपकार नकोत."

"उपकार कोण करतंय? इथे भाजतं. मला कधी आवडलंच नाही इथे."

"हिवाळाभर बसलीस ती?"

"जागा राखत होते."

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी, गाढवे!" बोर्बाला ओरडली. लगेच आपण काय बोललो हे कळून तिने पाण्यात नाकापर्यंत बुडी मारली.

एतेल्का धारेखाली बसली. मग थोडी सरकली. कोपरा दोघींना पुरेसा नव्हता. दोघींही अंगाने भरलेल्या. पण खांद्याला खांदा लावून, एकीचा उजवा आणि एकीचा डावा, असं बसलं, तर धार मधोमध पडून दोघींना मिळायची. तशा त्या बसल्या आणि कोण जास्त जागा खातंय ह्यावर भांडायला लागल्या. अम्ब्रुश समोरच्या काठाला पाठ टेकून बसला होता. मानेपर्यंत पाण्यात, डोळे मिटलेले.

"अम्ब्रुश," एतेल्का म्हणाली, "झोपलास का?"

"नाही. वेळ संपत आलाय तुझा."

"अजून आहे."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या थोडाच वेळ."

"मला ऐकू आलं नाही," एतेल्का म्हणाली.

"आलंय," बोर्बाला म्हणाली. तिने एतेल्काचा कोपर धरला आणि तिला उठवायला लागली.